ब्लूबेरी वेचायला जायचंय, पण अस्वलांचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको नोकरीनिमित्त पुण्याहून अँकरेजला आलेत आणि अलास्कातला हा त्यांचा पहिलाच उन्हाळा आहे. मुलगी सात वर्षांची, ऑगस्टमध्ये सासूबाई येणार आहेत. ऑफिसातले लोक शनिवार-रविवारी बादल्या घेऊन डोंगरात ब्लूबेरी वेचायला जातात आणि सोमवारी फोटो दाखवतात. आपणही जावं का? अस्वल आलं तर काय? बंदूक घ्यावी, की पिशवीला घुंगरू बांधले तरी पुरे? आणि जे वेचतोय ते खाण्याजोगंच आहे हे ओळखायचं कसं?

जा. सासूबाईंनाही घेऊन जा. मी बरीच वर्षं दर ऑगस्टला जातो आणि नवख्या मराठी कुटुंबांना सोबत नेतो. नवखा माणूस पहिला प्रश्न स्प्रेचा नाहीतर बंदुकीचा विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न जागेचा असायला हवा. कुठे वेचायचं हे नीट ठरवलं, की अस्वलाच्या भानगडीतला मोठा भाग घरातून निघण्याआधीच मिटतो. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

अँकरेजच्या आसपास ब्लूबेरी दोन तऱ्हेच्या जागी मिळते. एक म्हणजे झाडांची हद्द संपल्यावर वर जो उघडा टंड्रा लागतो, तिथे. झुडूप घोट्याएवढं, फार तर गुडघ्याला लागेल इतकं, आणि उतार लांबपर्यंत मोकळा. ही व्हॅक्सिनियम युलिजिनोसम. दुसरी गर्डवूडसारख्या समुद्राजवळच्या ओल्या जंगलात, हेमलॉक आणि स्प्रूसच्या सावलीत मिळते. तिथे झुडूप छातीपर्यंत येतं, कधी डोक्याच्याही वर जातं, आणि फळ टपोरं असतं. ही व्हॅक्सिनियम ओव्हॅलिफोलियम आणि तिची भावंडं. वाकावं लागत नाही म्हणून लोकांना ही दुसरी आवडते. तरी पहिल्या वर्षी तिकडे जाऊ नका. त्या जंगलात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, सगळीकडे पाणी वाहतंय म्हणून ऐकूही नीट येत नाही, आणि जवळच्या ओढ्यांत ऑगस्टमध्ये सॅमन चढलेले असतात. सॅमनच्या ओढ्याकाठी अस्वल असणारच, असं धरून चालायचं.

पहिल्या खेपेला हॅचर पास या खिंडीचा परिसर सगळ्यात बरा. अँकरेजहून पामरमार्गे गाडीनं साधारण दीड तास. तिथली इंडिपेंडन्स माइन ही जुनी सोन्याची खाण आता राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. तिच्या भोवतीचे उतार साडेतीन हजार फुटांच्या आसपास आहेत, झाडं खाली राहून गेलेली असतात. खिंड त्याहून वर, ३,८८६ फुटांवर, आणि तिच्या पलीकडे समिट लेक. खिंडीतला रस्ता बर्फामुळे साधारण जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच उघडा असतो, म्हणून निघण्याआधी एकदा तपासून घ्या. त्याच भागातली गोल्ड मिंटची पायवाट मात्र बेरीसाठी टाळा. फिरायला सुंदर आहे, पण ती लिटल सुसिटना नदीच्या काठानं विलो आणि अल्डरच्या दाटीतून जाते. तिथे नदीच्या खळखळाटात तुमची हाक फार लांब पोचत नाही.

शहराला लागून हवं असेल तर चुगाच स्टेट पार्कमधलं ग्लेन आल्प्स आहे. फ्लॅटटॉपला चढणाऱ्यांची तिथे रीघ असते, त्यामुळे वाटेलगतची फळं आधीच गेलेली असतात. वाट सोडून पंधरा-वीस मिनिटं चाललात की मिळायला लागतात. गर्दीचा कंटाळा करू नका. मोठा गट आणि माणसांचा वावर अस्वलाला लांबूनच कळतो, आणि बहुतेक अस्वलं अशा वेळी स्वतःहून बाजूला होतात.

घरी खाण्यापुरतं वेचायला या दोन्ही ठिकाणी मनाई नाही. शहराबाहेर बरीच जमीन तिथल्या मूळ रहिवाशांच्या कॉर्पोरेशनांच्या मालकीची असते, तिथे मात्र परवानगी लागते. रस्त्याकडेला बेरी दिसली म्हणून गाडी थांबवून कुणाच्याही जागेत शिरू नका.

आता अस्वलाकडे येऊ. वाटेनं चालणारा माणूस ताठ असतो, समोर बघत असतो, बडबडत असतो. बेरी वेचणारा याच्या अगदी उलट. तो वाकलेला, गप्प, नजर हाताच्या बोटांवर, आणि फळं चांगली लागली की न कळत सरकत सरकत सोबतच्यांपासून लांब गेलेला. अस्वलही तेव्हा हेच करत असतं. डोकं खाली, तोंड झुडपात, आणि फळं दाट मिळतील तसं पुढे सरकत जाणं. दोघं एकाच उतारावर दोन बाजूंनी आत आले तर एकमेकांची चाहूल फार उशिरा लागते. तपकिरी अस्वलाच्या बाबतीत सगळ्यात धोकादायक प्रसंग हाच: जवळून, अचानक. त्यातही पिल्लांची आई असेल, किंवा मारलेल्या जनावराजवळ बसलेलं असेल तर जास्तच.

ऑगस्टमधल्या अस्वलाला खाण्यावाचून दुसरं सुचत नाही. पुढचे पाच-सात महिने ते गुहेत अन्नावाचून काढणार असतं, म्हणून या दिवसांत दिवसाला वीस हजार कॅलरीपर्यंत पोटात ढकलतं. फळ एकेक तोडत बसत नाही, ओठांनी फांदीवरून ओरबाडून घेतं, पानांसकट. नीट चावतही नाही. त्यामुळे त्याची विष्ठा जॅमची बरणी उपडी केल्यासारखी दिसते, आणि आत अख्खी फळं ओळखू येतात. ती दिसली तर ओली आहे का वाळलेली ते बघा. ओली, चकाकणारी असेल तर वेचण्याची जागा बदला. नुकतीच उकरलेली माती दिसली तर तिथे अस्वलानं मुळांसाठी किंवा जमिनीतल्या खारीसाठी खणलेलं असतं. एकाच जागी कावळे, मॅगपाय गोळा होऊन कलकलाट करत असतील किंवा सडल्याचा वास आला, तर काय आहे ते बघायला जाऊ नका. तिथे मेलेलं जनावर असण्याची शक्यता असते, आणि त्याच्यावर हक्क सांगणारं अस्वलही जवळपास असतं.

अलास्कात तपकिरी अस्वलं अंदाजे तीस हजार आणि काळी अंदाजे एक लाख. अँकरेजच्या भोवती दोन्ही आहेत. रंगावर जाऊ नका. काळं अस्वल तपकिरी असू शकतं आणि तपकिरी जवळजवळ काळं दिसू शकतं. तपकिरी अस्वलाच्या खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा असतो, कपाळापासून नाकापर्यंतची रेषा मधे खोलगट, कान लहान आणि गोल, पुढच्या पंज्याची नखं लांब. काळ्याच्या पाठीला उंचवटा नसतो, चेहऱ्याची रेषा सरळ, कान जरा उभे. हा फरक कशाला लक्षात ठेवायचा ते पुढे येईलच.

घुंगरू बांधू नका. दुकानात अस्वलासाठी म्हणून छोट्या घंटा मिळतात, पण त्यांचा आवाज वाऱ्यात आणि पाण्याजवळ हरवतो, शिवाय तो माणसाचा आहे हे अस्वलाला कळेलच असं नाही. कळतो तो माणसाचा आवाज. इथले लोक थोड्या थोड्या वेळानं ‘हे बेअर’ म्हणून हाक देतात. तुम्ही मराठीत बोला, अस्वलाला काही फरक पडत नाही. पाढे म्हणा, सासूबाईंना अभंग येत असतील तर त्या म्हणतील, मुलीला शाळेतली गाणी म्हणू द्या. माझ्यासोबत एकदा आलेल्या काकांनी तीन तास शेअर बाजारावर व्याख्यान दिलं. ऐकणाऱ्यांचे हाल झाले, पण त्या डोंगरावर तेवढी सुरक्षित टोळी दुसरी नसेल. उंचवट्याच्या आडून वळताना, झुडपांच्या पट्ट्यातून जाताना आणि वारा समोरून येत असताना आवाज वाढवायचा. वारा समोरून असला की तुमचा वास पुढे जात नाही, म्हणजे अस्वलाला तुम्ही आलात हे सांगायला फक्त आवाज उरतो. कानात इअरफोन नकोत, एका कानातही नकोत.

आवाजाइतकीच महत्त्वाची आहे मान वर करण्याची सवय. दर थोड्या वेळानं एकानं उभं राहून चारी बाजूंना उतार न्याहाळायचा. चौघं असाल तर पाळी लावा. हे काम सासूबाईंना द्या: फोल्डिंगची खुर्ची, गळ्यात दुर्बीण, थर्मासमधला चहा, आणि गटात सगळ्यात वरच्या जागी बसून पाहारा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला डोंगरावर यापेक्षा उपयोगी काम नाही. आणि त्या खरंच बघतात, आपल्यासारखा मोबाइल काढत नाहीत. मुलगी हाताच्या अंतरावर हवी. उघड्या टंड्रावर पोरांना धावायचा मोह होतो. धावणारं, किंचाळणारं लहान मूल हे अस्वलाच्या दृष्टीनं काय असेल याचा विचार नको करायला, इतकंच पुरे की ते आईबापांच्या मधे असलं पाहिजे.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. मी मूळचा गोंदियाकडचा. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बायका-पोरं पहाटे अंधारातच रानात जातात, कारण फुलं रात्रीतून गळतात. तीच फुलं खायला अस्वलही येतं. दृश्य इथल्यासारखंच: वाकलेला माणूस, वाकलेलं अस्वल, एकच झाड. पण तिथलं अस्वल वेगळं. ते मेलर्सस अर्सिनस, वाघाच्या शेजारात वाढलेलं. अचानक गाठ पडली तर पळून जाण्याऐवजी ते बऱ्याचदा अंगावर येतं, आणि डोक्या-चेहऱ्यावर वार करतं. म्हणून मी इथे लिहितोय ते अलास्कातल्या दोन जातींसाठी आहे. हे जसंच्या तसं मेळघाटात किंवा नवेगावला वापरू नका. पहाटेची वेळ टाळायची आणि गटानं बोलत जायचं, एवढं मात्र दोन्हीकडे लागू आहे. अँकरेजला ऑगस्टच्या मध्यात रात्री साडेनऊच्या पुढेही उजेड असतो, त्यामुळे लोक ऑफिस सुटल्यावर निघतात. मी कुटुंबासोबत असलो तर सकाळी दहा ते दुपारी चार एवढाच वेळ धरतो.

आता स्प्रे. घ्याच, आणि मोठ्या माणसागणिक एक घ्या. साधारण ४० ते ५० डॉलरला मिळतो. डब्यावर तो अस्वलांसाठीचा आहे आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे नोंदलेला आहे असं लिहिलेलं बघा. माणसांपासून बचावासाठीचा छोटा मिरचीचा स्प्रे इथे कामाचा नाही. डबा निदान २२५ ग्रॅमचा हवा. आत मिरचीतला कॅप्सेसिन असतो आणि तो ढगासारखा सात-दहा मीटरपर्यंत जातो. सगळा डबा काही सेकंदांतच रिकामा होतो, म्हणून तो पिचकारीसारखा उडवत बसायचा नाही. अस्वल साधारण तीस फुटांवर आलं की त्याच्या तोंडाच्या किंचित खाली धरून छोटा फवारा मारायचा, म्हणजे ते पळत येत असेल तर त्या ढगातूनच त्याला यावं लागेल.

स्प्रे सॅकमध्ये ठेवणं म्हणजे तो घरी ठेवण्यासारखंच आहे. बेरी वेचताना सॅक आपण काढून खडकावर ठेवतो आणि पन्नास पावलं लांब जातो. म्हणून तो कमरेच्या पट्ट्याला किंवा छातीवर बांधायच्या म्यानात हवा, वाकल्यावर पोटात रुतला तरी. सेफ्टी क्लिप अंगठ्यानं काढायचा सराव घरी करून बघा. सरावासाठी मिरची नसलेले डबे मिळतात, ते एकदा अंगणात उडवून बघितले की वाऱ्याचा हिशोब कळतो. डब्यावरची मुदत बघा. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, तापून फुटतो. आणि एक गैरसमज काढून टाका: हा डासांच्या औषधासारखा अंगावर, तंबूवर किंवा सामानावर मारायचा नसतो. जमिनीवर किंवा वस्तूंवर उरलेला त्याचा अंश तपकिरी अस्वलांना उलट हुंगायला बोलावतो.

तो किती चालतो? टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ ते २००६ या काळातले अलास्कातले ८३ प्रसंग तपासून २००८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. स्प्रेनं तपकिरी अस्वलांचा त्रास ९२ टक्के वेळा आणि काळ्यांचा ९० टक्के वेळा थांबवला. स्प्रे जवळ असलेल्यांपैकी ९८ टक्के लोकांना जवळच्या गाठीतही इजा झाली नाही. वाऱ्यामुळे अडचण ७ टक्के प्रसंगांतच आली. हे आकडे बघितल्यावर बंदुकीचा प्रश्न माझ्यापुरता संपतो. अंगावर येणाऱ्या अस्वलाला घाबरलेल्या अवस्थेत नेमकी गोळी मारणं हे वर्षानुवर्षं सराव असलेल्याचं काम आहे. तुमच्यासाठी तर आणखी एक सरळ कारण आहे. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेच्या फेडरल कायद्यानं बंदूक जवळ बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ब्लूबेरीसाठी त्या वाटेला जाऊ नका. सहकाऱ्यानं ‘माझी ठेव’ म्हणून दिली तरी हातात घेऊ नका.

प्रत्यक्ष अस्वल दिसलं तर बहुतेक वेळा ते लांब, समोरच्या उतारावर असतं आणि त्याला तुमच्यात काहीही रस नसतो. हॅचर पासला एका दुपारी आम्ही दरीच्या या बाजूला आणि एक तपकिरी अस्वल त्या बाजूला, दोघंही वेचत होतो. आम्ही एकाला त्याच्यावरच लक्ष ठेवायला बसवलं. ते उतरून दरीत दिसेनासं झालं तशी बादल्या उचलून गाडीकडे निघालो. दिसतंय तोपर्यंत अस्वल ठीक आहे, दिसेनासं झालं की निघायचं, असा माझा नियम आहे. त्यानं तुम्हाला बघितलेलं नसेल तर आलात त्या वाटेनं गुपचूप परत फिरा.

बघितलं असेल तर सगळे एकत्र या, मुलीला मधे घ्या, हात सावकाश वर करून हलवा आणि खालच्या सुरात बोला. माणूस आहोत हे त्याला समजू दे. ते दोन पायांवर उभं राहिलं तर घाबरू नका, बघायला आणि हुंगायला ते उभं राहतं. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. ते मागे आलं तर थांबा, जागा सोडू नका, स्प्रेची क्लिप काढून ठेवा. पळायचं नाही. अस्वल तासाला पन्नास किलोमीटरहून जास्त वेगानं धावतं, उतारावरही. झाडावर चढायचंही नाही, काळं अस्वल तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. तपकिरी अस्वल पुष्कळदा खोटा हल्ला करतं, म्हणजे सुसाट येऊन काही फुटांवर थबकतं किंवा वळतं. तो खोटा आहे हे आधी कळत नाही, म्हणून तीस फुटांवर स्प्रे मारायचाच.

आणि अगदी अंगाला भिडलंच तर तो वरचा जातीतला फरक कामाला येतो. तपकिरी असेल आणि दचकून आलं असेल, तर पोटावर पालथं पडा, दोन्ही हात मानेमागे गुंफा, पाय फाकवून ठेवा म्हणजे ते तुम्हाला सहज उलटं करू शकणार नाही, पाठीवरची सॅक तशीच राहू द्या. हलू नका. धोका टळला असं वाटलं की ते सोडून जातं. गेल्यावरही काही मिनिटं उठू नका. काळं असेल तर पडून राहायचं नाही, दगड, काठी, हाती येईल त्यानं नाकावर आणि डोळ्यांवर मारायचं. काळी अस्वलं सहसा बुजरी असतात, पण जेव्हा एखादं शिकारीच्या नजरेनं येतं तेव्हा ते बिनआवाज पाठलाग करतं. जून २०१७ मध्ये अँकरेजच्या दक्षिणेला बर्ड रिजवर अशाच एका काळ्या अस्वलानं डोंगरावरच्या शर्यतीत धावणाऱ्या किशोरवयीन मुलाचा जीव घेतला. असं चोरपावलांनी मागावर असलेलं किंवा पडलेल्या माणसाला सोडत नसलेलं अस्वल कुठल्याही जातीचं असो, त्याच्याशी लढायचंच.

मूसबद्दलही सांगून ठेवतो, कारण नवे लोक त्याला मोठं हरीण समजून फोटो काढायला जवळ जातात. अलास्कात अस्वलांपेक्षा मूसमुळे जखमी होणारे लोक जास्त आहेत. त्याचे कान मागे पडले, मानेवरचे केस उभे राहिले की ते अंगावर येतंय. इथे नियम उलटा: पळा, आणि झाडाच्या किंवा मोठ्या खडकाच्या आड व्हा.

फळाकडे यायचं तर ओळख अवघड नाही. ब्लूबेरीच्या देठाविरुद्धच्या टोकाला छोट्या मुकुटासारखी कड असते आणि सालीवर पांढुरकी भुकटी, ती बोटानं पुसली जाते. तिच्या शेजारीच काळं, चकचकीत, मुकुट नसलेलं, सुईसारख्या पानांचं फळ दिसेल. ते क्रोबेरी, खायला चालतं, चव पाणचट, पण ब्लूबेरीत मिसळून जॅमला बरं. खालच्या जंगलात चकचकीत लाल किंवा पांढऱ्या फळांचे घोस दिसले आणि प्रत्येक फळावर काळा ठिपका असेल तर ते बेनबेरी, विषारी. मुलीला एकच नियम द्या: निळं आणि मुकुटवालं सोडून काहीही तोंडात घालायचं नाही, आणि तेही आईला दाखवून. कुरणात जांभळ्या, टोपीसारख्या फुलांचं मंक्सहूड असतं. ते आयुर्वेदातल्या वत्सनाभाच्या कुळातलं आहे, सगळं झाड विषारी, फुलं तोडून केसांत माळायला देऊ नका. पुश्की नावाची मोठ्या पानांची, छत्रीसारख्या पांढऱ्या फुलांची वनस्पती वाटेच्या कडेला माजलेली असते. तिचा रस कातडीला लागून ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात, म्हणून बाह्या लांब आणि पँट पूर्ण हवी.

मोसम खालच्या उंचीवर जुलैच्या मध्यापासून, हॅचर पासला ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा उत्तम. पहिल्यांदा गोठणारी थंडी पडून गेली की फळ गोड होतं पण मऊ पडतं, त्याचा लगदाच घरी येतो. ऑगस्ट इथला पावसाचा महिना आहे, रेनकोट आणि जादा मोजे न घेता जाऊ नका. डोंगरावरच्या पावसात भिजलेलं लहान मूल अर्ध्या तासात थरथरायला लागतं, आणि खरं सांगायचं तर अस्वलापेक्षा याच कारणानं मी जास्त वेळा बेत अर्धा टाकून परत फिरलोय.

बादली झाकणाची घ्या. दुधाच्या प्लॅस्टिकच्या कॅनचं तोंड कापून तो कमरेच्या पट्ट्याला अडकवला की दोन्ही हात मोकळे राहतात, भरला की मोठ्या बादलीत ओतायचा. दातेरी फणीनं भराभर निघतात खऱ्या, पण पानं-काड्याही तेवढ्याच येतात आणि झुडूप ओरबाडलं जातं. मी हातानंच वेचतो. जेवणाचा डबा कुठल्या तरी खडकावर ठेवून सगळे वेचायला पांगले, असं होऊ देऊ नका. थेपले, चिवडा, केळ्याच्या साली सगळं झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा पाहारा करणाऱ्याजवळ. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की ते अस्वल पुढच्या कुटुंबाच्या वाट्याला येतं, आणि शेवटी बहुधा गोळी खातं. कुत्रा असेल तर दोरीनं बांधलेला हवा. मोकळा कुत्रा अस्वलावर भुंकायला जातो आणि घाबरून त्याला मागे घेऊन मालकाकडेच येतो.

घरी आल्यावर फळं मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, आत अळ्या असल्या तर बाहेर येतात. दरवेळी असतात असं नाही, पण सासूबाईंच्या समोर जॅममध्ये सापडण्यापेक्षा आधी सापडलेल्या बऱ्या. पानं काढायला ओला टॉवेल तिरका धरून वरून फळं घरंगळू द्यायची, पानं टॉवेलला चिकटतात. मग पूर्ण कोरडी करून ताटात एका थरात गोठवायची आणि नंतर पिशवीत भरायची, नाहीतर त्यांचा एकच दगड होतो. इथली रानटी ब्लूबेरी दुकानातल्यापेक्षा आंबट आणि गडद असते. साखरेत शिजवून वेलदोडा घातला की पोळीबरोबर साखरांब्यासारखी लागते, आणि चक्क्यात घातली की श्रीखंडाला रंग येतो. इथले युपिक लोक बेरी, साखर आणि चरबी फेटून आकुताक करतात. कुणी आग्रह केला तर जरूर चाखा, मात्र शाकाहारी असाल तर आधी चरबी कशाची आहे ते विचारा.

सासूबाई परत जाताना ब्लूबेऱ्या पुण्याला न्यायच्या असतील तर ताज्या नेऊ नका, भारतात फळं आणण्याच्या नियमांत अडकतात. शिजवून बाटलीबंद केलेला जॅम चेक-इन बॅगेत द्या. स्प्रेचा डबा मात्र विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, हातातल्याही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तो सॅकच्या बाजूच्या कप्प्यात राहिलेला विमानतळावर सापडण्याआधी काढून ठेवा.